पंधराव्या दिवशीची सोनोग्राफी

बाई ४६ वर्षांच्या. गर्भाशयात फायब्रॉइडची मोठी गाठ, आणि दर महिन्याला अंगावरून इतकं जायचं की हिमोग्लोबिन ८ वर आलेलं. गोळ्या घेऊन झाल्या, फरक पडला नाही. आधीची दोन्ही बाळंतपणं सिझेरियनची. स्त्रीरोगतज्ज्ञांनी दुर्बिणीतून गर्भपिशवी काढून टाकायचा सल्ला दिला. तो सल्ला चुकीचा होता असं पुढे कोणत्याही डॉक्टरने म्हटलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण अशा प्रकरणांत घरच्यांचा राग मागे सरकत सरकत 'मुळात ऑपरेशन करायलाच नको होतं' इथपर्यंत जातो, आणि दावा नेमका कशाबद्दल आहे तेच हरवून बसतं.

आणखी एक खुलासा. हे प्रकरण एका बाईंचं नाही. अशा फायलींमध्ये पुन्हा पुन्हा दिसणारे प्रसंग जुळवून ते मांडलं आहे. त्यातला कायदा, निकाल आणि वैद्यकाचा भाग मात्र जसा आहे तसा आहे.

काय घडलं

ऑपरेशन दोन तासांचं सांगितलं होतं, साडेतीन तास चाललं. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. डाव्या कुशीत दुखत होतं. "पोटात गॅस भरलेला असतो, चार दिवस दुखेल," असं सांगण्यात आलं. हे उत्तर खोटं नव्हतं. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर असं दुखतंच.

दहाव्या दिवसाच्या सुमाराला वेगळंच सुरू झालं. लघवी नेहमीसारखी होत होती, तरी खालून सतत पाण्यासारखं जायचं. पॅडवर पॅड भिजायचे, रात्री चादर बदलावी लागायची. फोन केला तर आतले टाके विरघळताना स्राव होतो, असं उत्तर आलं. पाठोपाठ ताप आला, त्यावर अँटिबायोटिक मिळालं. पंधराव्या दिवशी बाई स्वतः तपासायला गेल्या. सोनोग्राफी झाली. अहवालाच्या शेवटी दोन ओळी होत्या: डावं मूत्रपिंड आणि डावी मूत्रवाहिनी (किडनीतून मूत्राशयाकडे लघवी नेणारी नळी) यांना मध्यम सूज, क्लिनिकल कोरिलेशन करावे, म्हणजे रुग्णाच्या तक्रारींशी हे ताडून पाहावं. ओपीडीच्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलं, 'सोनोग्राफी पाहिली. तीच औषधं चालू. दोन आठवड्यांनी दाखवणे.'

एकतिसाव्या दिवशी हुडहुडी भरून ताप चढला तेव्हा मुलाने त्यांना दुसऱ्या रुग्णालयात नेलं. तिथल्या मूत्रविकारतज्ज्ञांनी त्याच दिवशी सीटी युरोग्राफी, म्हणजे मूत्रमार्गाचा सीटी स्कॅन, केली. डाव्या मूत्रवाहिनीला खालच्या टोकाजवळ भोक पडलं होतं, लघवी तिथून झिरपून योनिमार्गात उतरत होती, आणि भोकाच्या जागी नळी आक्रसल्यामुळे वर किडनी फुगली होती. आतून स्टेंट, म्हणजे मूत्रवाहिनी उघडी ठेवणारी बारीक नळी, घालायचा प्रयत्न फसला. मग पाठीतून किडनीत नळी घालून लघवी बाहेर पिशवीत काढली. ती पिशवी कमरेला बांधून बाईंनी अडीच महिने काढले. त्यानंतर पोट उघडून मूत्रवाहिनी मूत्राशयाला नव्याने जोडली. सहा महिन्यांनी केलेल्या स्कॅनमध्ये डाव्या किडनीचा वाटा २६ टक्के निघाला. निरोगी माणसात दोन्ही किडन्या साधारण निम्मंनिम्मं काम करतात.

घरात एकच वाक्य फिरत होतं: "डॉक्टरांनी नळी कापली." दुसऱ्या रुग्णालयातल्या कोणीतरी सीटी बघता बघता "कुणी केलं हे?" असं विचारलं होतं, त्याने आगीत तेल ओतलं. अशा वाक्यांवर किती दावे उभे राहतात हे मोजायला हवं. तोंडी असं बोलणारे डॉक्टर तेच कागदावर लिहून द्या म्हटलं की गप्प होतात, आणि कोर्टाला कागद लागतो.

पहिला सल्ला

पहिले वकील म्हणाले, आधी पोलिसांत तक्रार द्या. एफआयआर झाला की डॉक्टर स्वतःहून बोलणी करायला येतात. आकडाही त्यांनीच सुचवला: एक कोटी.

हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो वाईट आहे. जेकब मॅथ्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली स्पष्ट केलं की डॉक्टरवर फौजदारी खटला चालवायचा तर साधा निष्काळजीपणा पुरत नाही, तो अतिशय ढोबळ, बेपर्वाईच्या पातळीचा असावा लागतो. खाजगी तक्रारीसोबत दुसऱ्या जाणकार डॉक्टरचं विश्वासार्ह मत हवं. तपास अधिकाऱ्यानेही आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं, शक्यतो त्याच शाखेतल्या सरकारी डॉक्टरकडून. आणि अशा गुन्ह्यात सरसकट अटक करू नये. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, कलमांचे क्रमांक बदलले. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास कलम १०६, इजा झाल्यास कलम १२५. निष्काळजीपणा किती ढोबळ असावा याची अपेक्षा मात्र तीच राहिली.

या प्रकरणात बेपर्वाई दाखवणारं काहीच नव्हतं. असलीच तर दुर्लक्षाची तक्रार होती. त्या जोरावर पोलिसांत गेलं की तक्रार जिल्हा रुग्णालयाच्या समितीकडे जाते, समिती बहुधा 'निष्काळजीपणा आढळत नाही' असं लिहून देते, आणि तोच कागद पुढे दिवाणी बाजूला डॉक्टरांचे वकील सगळ्यात वर लावतात. धाक दाखवायला काढलेलं हत्यार असं उलटतं.

फाईल

मुलाने पहिलं शहाणपणाचं काम केलं ते केस पेपर मागण्याचं. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं सांभाळाव्या लागतात, आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यावर ७२ तासांत द्याव्या लागतात. खिडकीवर आधी "केस पेपर रुग्णालयाची मालमत्ता असतो" असं ऐकवलं गेलं. मूळ कागद त्यांच्याकडे राहील हे खरं, पण प्रत मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. लेखी अर्ज, त्यावर बाईंची सही, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का. एवढं केल्यावर ७२ तासांचे आठ दिवस होऊन का होईना, प्रती मिळाल्या. डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नये. त्यात गोष्टीचा शेवट असतो, गोष्ट नसते. मागायचे ते इनडोअर पेपर, ऑपरेशनची नोंद, भूल देणाऱ्यांची नोंद, संमतीपत्र, नर्सिंग चार्ट, तपासण्यांचे मूळ अहवाल, तपशीलवार बिल, आणि दुर्बिणीचं ऑपरेशन असेल तर चित्रीकरण केलं होतं का हा प्रश्नही लेखी. इथे चित्रीकरण ठेवलेलं नव्हतं.

ऑपरेशनची नोंद घरच्यांच्या अपेक्षेपेक्षा चांगली निघाली, म्हणजे डॉक्टरांच्या बाजूची. जुन्या सिझेरियनमुळे मूत्राशय चिकटलेला होता, तो सावकाश सोडवला. डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीतून रक्तस्राव झाला, तो बायपोलरने, म्हणजे विजेच्या उष्णतेने, थांबवला. शेवटी 'डाव्या मूत्रवाहिनीची हालचाल दिसली' अशी नोंद.

याचा अर्थ कळायला थोडी शरीररचना लागते. मूत्रवाहिनी ही २५ ते ३० सेंटिमीटर लांबीची, पेन्सिलीहून बारीक नळी. गर्भाशयाच्या रक्तवाहिनीच्या खालून ती जाते, गर्भाशयमुखापासून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरवरून. गर्भपिशवी काढताना जी रक्तवाहिनी बांधायची तिच्या पोटाखालीच ही नळी असते. त्यात जुन्या ऑपरेशनची चिकटण आणि मोठी गाठ असली की सगळं जागचं हललेलं असतं. म्हणून अनुभवी हातांकडूनही ही इजा होते. प्रमाण कमी, साधारण शंभरात एक किंवा त्याहूनही कमी, पण शून्य नाही. नळी कापली किंवा बांधली गेली तर परिणाम बहुधा लवकर दिसतो. उष्णतेचा चटका बसला तर त्या क्षणी नळी शाबूत दिसते, हालचालही करते; नंतर भाजलेला भाग मरतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी गळती सुरू होते. दहाव्या दिवशी सुरू झालेलं पाणी या चित्रात अगदी चपखल बसतं.

थोडक्यात, नळी कापली गेली नव्हती. भाजली होती, आणि ती भाजली तेव्हा शल्यविशारद रक्तस्राव थांबवत होते.

इजा म्हणजे निष्काळजीपणा का?

पहिल्या वकिलांना 'गोष्ट स्वतःच बोलते' हे तत्त्व लावायचं होतं. ते तत्त्व खरं आहे, आणि महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात ठळकपणे लावलं गेलं आहे. १९६३ साली औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला, त्या दगावल्या. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये राज्य सरकारला जबाबदार धरलं. पोटात टॉवेल राहण्याला सावधगिरीचं कोणतंच स्पष्टीकरण नसतं. मूत्रवाहिनीच्या इजेला ते असू शकतं. त्यामुळे तो निकाल इथे फारसा उपयोगाचा नाही.

इथे कसोटी लागते ती वेगळी. त्या शाखेतल्या सामान्य कौशल्याच्या, जबाबदार डॉक्टरने जे केलं असतं ते केलं का? १९५७ च्या इंग्लंडमधल्या बोलम प्रकरणातून आलेली ही कसोटी जेकब मॅथ्यूने आपल्याकडे पक्की केली. सर्वोत्तम डॉक्टरने काय केलं असतं हा प्रश्न नाही, आणि परिणाम वाईट झाला एवढ्यावरून उत्तर मिळत नाही. त्याही आधी, १९६८ साली, लक्ष्मण जोशी विरुद्ध त्र्यंबक गोडबोले या पुण्याच्या प्रकरणात न्यायालयाने डॉक्टरची कर्तव्यं तीन टप्प्यांत मांडली होती: रुग्ण हाती घ्यायचा की नाही, कोणते उपचार द्यायचे, आणि ते उपचार कसे द्यायचे. अशी फाईल वाचताना मला ही जुनी विभागणी अजूनही सगळ्यात कामाची वाटते, कारण ती माणसाला 'डॉक्टर चुकले' या गोळाबेरीज वाक्यातून बाहेर काढते.

तसं पाहिलं तर पहिल्या दोन टप्प्यांवर तक्रार नव्हती. तिसऱ्याचे दोन भाग पडतात: ऑपरेशन, आणि ऑपरेशननंतरचे ३१ दिवस. ऑपरेशनच्या भागात डॉक्टरांची नोंद त्यांच्या बाजूने बोलते. दुसऱ्या भागात त्यांचाच कागद त्यांच्या विरुद्ध बोलतो. चिकटण सोडवली, डाव्या बाजूला उष्णता वापरली, त्याच डाव्या कुशीत दुखतंय, लघवी होत असूनही पाणी जातंय, ताप आहे, आणि सोनोग्राफीत डावीच किडनी फुगलेली. हे एकत्र समोर असताना मूत्रवाहिनीचा संशय न घेणं, सीटी न करणं, मूत्रविकारतज्ज्ञांना न दाखवणं, निदान त्या पाण्यातलं क्रिएटिनिन तपासून ती लघवी आहे का एवढंही न बघणं, याचं समर्थन करणारा जबाबदार डॉक्टर सापडणं अवघड आहे.

नर्सिंग चार्टमध्ये दुसऱ्या दिवशी 'डाव्या कुशीत वेदना' अशी नोंद तीनदा होती आणि त्याच दिवशी राउंडवर डॉक्टरांनी 'रुग्ण ठीक' लिहिलं होतं. घरच्यांना हा मोठा पुरावा वाटला. मला नाही वाटत. दुसऱ्या दिवशीचं दुखणं शंभर कारणांनी असतं, त्यावर भर दिला तर पंधरावा दिवस पातळ होतो.

संमतीपत्रावरची सही

रुग्णालयाचं उत्तर ठरलेलं होतं: ही ज्ञात गुंतागुंत आहे आणि रुग्णाने संमती दिली आहे. संमतीपत्र छापील, ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सही घेतलेलं, 'सर्व धोके समजावून सांगितले आहेत' असं मोघम. मूत्रवाहिनीचा किंवा मूत्राशयाचा उल्लेख नाही.

समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये संमतीचे निकष घालून दिले. त्यात रुग्णाने तपासणीच्या दुर्बिणीला संमती दिली होती; ती भुलीखाली असताना आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजाशयं काढली गेली. रुग्ण सज्ञान असताना दुसऱ्याची संमती चालत नाही, आणि तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती होत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. उपचाराचं स्वरूप, हेतू, फायदे, पर्याय आणि महत्त्वाचे धोके रुग्णाला कळतील एवढी माहिती द्यायला हवी. दूरचा, क्वचितचा प्रत्येक धोका सांगायलाच हवा असं मात्र नाही.

म्हणजे संमतीचा मुद्दा दोन्हीकडे झुकतो. दोन सिझेरियन झालेल्या बाईला मूत्राशय-मूत्रवाहिनीच्या इजेचा धोका सांगायला हवा होता, हे म्हणता येतं. पण सांगितलं असतं तर बाईंनी ऑपरेशन नाकारलं असतं का? मुलाने हे आईला विचारलं. बाई म्हणाल्या, "केलंच असतं. रक्त जाऊन जाऊन जीव गेला असता." या प्रामाणिक उत्तरानंतर संमतीचा मुद्दा तक्रारीत दुय्यम ठेवणंच बरं होतं. रुग्णालयाच्या बाजूनेही तीच सही अपुरी होती. इजेच्या धोक्याला संमती दिली असं मानलं, तरी इजा झाल्यावर ती महिनाभर न ओळखण्याला कोणी संमती देत नाही.

तज्ज्ञाचं मत, आणि त्यातली कडू गोळी

प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये व्ही. किशन राव प्रकरणात सांगितलं आहे. पण जिथे मुद्दा वैद्यकीय तर्काचा आहे तिथे मताशिवाय जाणं म्हणजे ग्राहक आयोगाच्या सदस्यांना शल्यशास्त्र शिकवायची जबाबदारी वकिलावर टाकणं. आपल्याकडे डॉक्टर डॉक्टरविरुद्ध मत द्यायला कचरतात. इथे एका निवृत्त मूत्रविकार प्राध्यापकांनी फाईल वाचून चार पानी मत दिलं, ते मात्र सरळ.

त्यांनी तीन गोष्टी लिहिल्या. ऑपरेशनच्या तंत्रात निष्काळजीपणा दिसत नाही. पंधराव्या दिवशीच्या अहवालानंतर पुढची तपासणी न करणं हे स्वीकारार्ह वैद्यकीय वर्तनात बसत नाही. आणि तिसरी गोष्ट, जी घरच्यांना आवडली नाही: पंधराव्या दिवशी निदान झालं असतं तर स्टेंटने भागण्याची शक्यता अधिक होती, खात्री नव्हती, मूत्रवाहिनी नव्याने जोडण्याचं ऑपरेशन कदाचित तरीही लागलं असतं. किडनीचं नुकसान मात्र मुख्यतः अडथळा आणि जंतुसंसर्ग सोळा दिवस अधिक राहिल्यामुळे झालेलं असावं.

दाव्याचा खरा आकार इथे ठरला. निष्काळजीपणा सिद्ध झाला तरी भरपाई मिळते ती त्या निष्काळजीपणामुळे झालेल्या नुकसानीची. इजा निष्काळजीपणाची नसेल आणि उशीर असेल, तर दावा उशिराच्या नुकसानीचा: किडनीची गेलेली क्षमता, वाढलेले उपचार, पिशवी बांधून काढलेले दिवस, बुडालेलं उत्पन्न. बाई घरी शिवणकाम करत, त्याच्या वह्या होत्या. घरकामाचं मोलही मागता येतं. दुसऱ्या रुग्णालयाचं बिल ३ लाख ८५ हजारांचं. हे सगळं धरून दुसऱ्या वकिलांनी १८ लाखांची मागणी ठरवली.

एक कोटीचं स्वप्न तोवर घरात रुजलं होतं. कोणीतरी कोलकात्याच्या प्रकरणाचा दाखला द्यायचा, ज्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ६ कोटी मंजूर केले. त्यातला रुग्ण मृत्यू पावला होता, घटना १९९८ ची होती, आणि पती स्वतः डॉक्टर असून पंधरा वर्षं लढले. दुसरं टोक सांगायचं तर समीरा कोहली प्रकरणात, जिथे गर्भाशयच संमतीविना गेलं, भरपाई मिळाली ती २५ हजार रुपये.

कुठे जायचं, आणि कधीपर्यंत

पैशांची भरपाई हवी असेल तर जागा ग्राहक आयोगाची. मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे व्ही. पी. शांता प्रकरणात १९९५ मध्ये ठरलं. २०१९ च्या नव्या कायद्यात 'आरोग्यसेवा' हा शब्द नाही म्हणून डॉक्टर सुटले, असा प्रवाद मध्यंतरी होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो फेटाळला आणि सर्वोच्च न्यायालयाने पुढल्या वर्षी त्यात हात घातला नाही. वैद्यक परिषदेकडे तक्रार केल्यास डॉक्टरची नोंदणी निलंबित होऊ शकते, ताकीद मिळू शकते, रुग्णाच्या हातात रुपया पडत नाही. बाईंनी तो मार्ग तूर्त बाजूला ठेवला.

नव्या कायद्यातली एक गोष्ट लोकांना माहीत नसते. कोणत्या आयोगाकडे जायचं हे मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, मोजलेल्या मोबदल्यावर ठरतं. पहिल्या रुग्णालयाचं बिल १ लाख १० हजार, म्हणजे जिल्हा आयोग. ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्कही नाही. आणि तक्रार राहत्या जिल्ह्यात दाखल करता येते, रुग्णालय दुसरीकडे असलं तरी. वकील करायलाच हवा असं नाही. केला तर 'जिंकलो की टक्केवारी' असा करार मात्र करता येत नाही, वकिलांच्या आचारसंहितेत तो निषिद्ध आहे. पहिल्या वकिलांनी नेमका तोच देऊ केला होता.

मुदत दोन वर्षांची, कलम ६९. कधीपासून मोजायची यावर लोक फसतात. ऑपरेशनपासून? पंधराव्या दिवसापासून? निदान झालं त्या दिवसापासून? का शेवटच्या स्कॅनपासून? वकील चौथी तारीख धरू म्हणत होते, कारण किडनीचं नुकसान तेव्हा कळलं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या एका निकालाकडे बघितलं तर हा जुगार ठरतो. त्यात ऑपरेशन १९९३ चं, पोटात राहिलेलं गॉज सापडलं २००२ मध्ये, आणि तरीही तक्रार मुदतबाह्य ठरली, कारण रुग्ण स्वतः परिचारिका होती आणि इतकी वर्षं दुखत असताना तिने शोध घ्यायला हवा होता, असं न्यायालयाला वाटलं. विलंब माफीचा अर्ज असतो, पण त्याच्या भरवशावर कोणी राहू नये. सगळ्यात आधीची तारीख धरायची, म्हणजे ऑपरेशनचा दिवस, आणि त्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करायचं.

नोटीस गेल्यावर

नोटीस गेली आणि डॉक्टरांचा आवाज बंद झाला. उत्तर आलं ते विमा कंपनीने नेमलेल्या वकिलाचं. व्यावसायिक दायित्वाच्या पॉलिसीत कंपनीच्या संमतीशिवाय चूक कबूल करू नये अशी अट सहसा असते. त्यामुळे ज्या डॉक्टरला भेटून बोलावंसं वाटत असेल त्यालाही बोलता येत नाही. बाईंची खरी इच्छा भेटीचीच होती. पंधराव्या दिवशी तो कागद तुम्ही वाचला होता का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. नोटिशीआधी ही भेट मागायला हवी होती का? माझ्या मते हो, निदान एकदा, लेखी. पण केस पेपर हातात आल्यावर; त्याआधी भेट मागितली तर नोंदींत नंतरची शाई पडण्याची शक्यता कोणीही नाकारू नये.

रुग्णालयाचं लेखी म्हणणं असं की शल्यविशारद त्यांचे नोकर नाहीत, बाहेरून येणारे आहेत. हे चालणारं नाही. सविता गर्ग प्रकरणात २००४ सालीच ठरलं आहे की रुग्ण रुग्णालयावर विसंबून येतो; डॉक्टर पगारी की बाहेरचा, याने रुग्णालयाची जबाबदारी टळत नाही.

दोन महिन्यांनी तडजोडीचा निरोप आला: ३ लाख, आणि अट अशी की यापुढे कुठेही, वैद्यक परिषदेकडेही, तक्रार करायची नाही. ग्राहक आयोगाकडून मध्यस्थीला पाठवण्याची सोय नव्या कायद्यात आहे, पण गंभीर इजा किंवा मृत्यू झालेली वैद्यकीय निष्काळजीपणाची प्रकरणं २०२० च्या मध्यस्थी नियमांनी त्यातून वगळली आहेत. त्यामुळे तडजोड करायची तर आपापसातच. मुलाला ती घ्यावी असं वाटत होतं. लेखी कैफियतीला ३० दिवस आणि वर फार तर १५, निकाल तीन महिन्यांत, हे कायद्यात लिहिलेलं. प्रत्यक्षात तारखा वर्षानुवर्षं चालतात, आणि पुढे अपील असतंच. आकडा थोडा वाढवून मिटवणं यात कमीपणा नव्हता. बाईंना ३ लाखांपेक्षा ती अट खटकली. त्यांनी नकार दिला.

तक्रार ऑपरेशनपासून वीस महिन्यांनी दाखल झाली. तिच्या दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलं आहे की ऑपरेशन करण्याचा निर्णय आणि ऑपरेशनचं तंत्र याबद्दल तक्रारदाराचं काही म्हणणं नाही. वकिलांचा याला विरोध होता. आपणहून एक मुद्दा का सोडायचा? सोडलेला मुद्दा हा असा, की तो ठेवला असता तर सामनेवाल्यांनी त्यावर तीन तज्ज्ञ उभे केले असते, आणि ते बरोबर बोलले असते.

धोका उरतोच. गर्भपिशवीच्या ऑपरेशननंतर मूत्रवाहिनीला तात्पुरती सूज येते आणि ती आपोआप उतरते, असं सामनेवाले म्हणतील, आणि काही रुग्णांत ते खरंही असतं. 'क्लिनिकल कोरिलेशन करावे' ही ओळ प्रत्येक अहवालाच्या तळाशी असते, तिला इशारा समजता येत नाही, असंही म्हणतील. त्याला उत्तर एवढंच की सूज एकटी नव्हती, पाणी जात होतं आणि ताप होता, आणि ते दोन्ही त्याच दिवशीच्या ओपीडीच्या कागदावर डॉक्टरांच्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना सामनेवाले करायचं की नाही, यावर शेवटपर्यंत घोळ चालला. नाही केलं. त्यांचा अहवाल बरोबर होता, आणि तो त्या दिवशी कोणाच्या हातात दिला, फोन करून सांगितलं होतं का, हे सांगू शकणारा साक्षीदार त्यांच्याशिवाय दुसरा नाही.